बंद घरांचा हिशेब

त्याच कुटुंबांची माहिती ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा घेतल्यावर जी विदा साठते तिला अनुवर्ती विदा म्हणतात. समाजशास्त्र किंवा समाजकार्याच्या संशोधकांना तिच्यावरील सांख्यिकीय प्रतिमाने, म्हणजे घटकांमधील संबंध मांडणारी समीकरणे, शिकवताना धुळे-जळगाव भागातील अनुभव असा की, प्रशिक्षणाची सुरुवात संगणकाच्या आज्ञावलीपासून झाली तर संशोधक उत्तरे लवकर काढू लागतो, परंतु ती उत्तरे नेमक्या कोणत्या घरांविषयी आहेत हे त्याला सांगता येत नाही.

धुळे-नंदुरबारकडील अनेक आदिवासी मजूर कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. बारडोली परिसरातील या खानदेशी तोडकऱ्यांविषयी डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सविस्तर लिहिले आहे. पाहणीची पहिली फेरी पावसाळ्यात आणि दुसरी जानेवारीत झाली, तर नेमकी हीच घरे कुलूपबंद सापडतात, आणि प्रत्येक फेरीत जी भेटली तेवढीच घरे हिशेबात धरल्यास दुसऱ्या फेरीत भूमिहीनांचा वाटा घटून गावाचे सरासरी उत्पन्न वाढल्याचे दिसते, जरी प्रत्यक्षात कोणाचेही उत्पन्न वाढलेले नसले तरी. ही गळती यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाची, नसते. जे मोजायचे त्या गरिबीशीच ती बांधलेली असते. म्हणून प्रत्येक फेरी त्याच महिन्यात घ्यावी, पहिल्याच भेटीत नातेवाइकाचा आणि मुकादमाचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा, घर बंद असल्यास कारण नोंदवावे, आणि भेटलेल्या व सुटलेल्या घरांची पहिल्या फेरीतील जमीन, शिक्षण व मजुरी यांची तुलना प्रबंधात छापावी. सुटलेल्यांसारख्या घरांना अधिक भार देण्याची पद्धत आहे खरी, पण गळतीचे कारण पहिल्या फेरीच्या माहितीत उतरले असेल तरच ती उपयोगी पडते.

गळती टाळली तरी तीनशे घरांच्या चार फेऱ्या म्हणजे बाराशे स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. एकाच घराची उत्तरे एकमेकांशी जुळती असल्याने, ती स्वतंत्र मानली की प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातील अनिश्चिततेचे माप, बहुधा खोटीच लहान दिसते. स्थिर परिणाम प्रतिमान प्रत्येक घराची तुलना त्याच्याच इतर फेऱ्यांतील स्थितीशी करते, त्यामुळे जातीसारख्या न बदलणाऱ्या घटकाचा थेट प्रभाव त्यातून काढता येत नाही.

बंद घरांप्रमाणे बदललेल्या प्रशासकीय सीमांमुळेही खोटा बदल दिसू शकतो. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि 2001 च्या जनगणनेत उरलेल्या धुळ्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 26 टक्के, तर नंदुरबारमध्ये सुमारे 65 टक्के होते. 1991 चे आकडे तालुकावार पुन्हा जुळवल्याशिवाय केलेली तुलना समाजातील नव्हे, नकाशातील बदल मोजते.

सरावासाठी देशात उत्तम विदा उपलब्ध आहे. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेने 1975 पासून अकोल्यातील कानझरा आणि सोलापुरातील शिरापूर यांसारख्या गावांत प्रत्येकी चाळीस कुटुंबांचा मागोवा घेतला, तर भारत मानव विकास सर्वेक्षणाने 2004-05 मधील 41,554 कुटुंबांपैकी सुमारे 83 टक्के कुटुंबे 2011-12 मध्ये पुन्हा गाठली. या सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत विभक्त होऊन त्याच गावात राहिलेली घरेही घेतली आहेत, आणि विद्यार्थ्याने हे बारकाईने पाहावे. कारण भाऊ वेगळे झाले, शेत वाटले गेले, आई धाकट्याकडे राहिली, तर जुना घरक्रमांक कोणाला द्यायचा याचा नियम दुसऱ्या फेरीला निघण्यापूर्वी लिहून ठेवावा लागतो, आणि व्यक्तींचे क्रमांक घरक्रमांकाहून स्वतंत्र ठेवावे लागतात.