कॅज्युअल्टीत आधी श्वास का मोजतात?

फ्लू किंवा कोरोना छातीत उतरला तरी आपण थर्मामीटरकडेच बघत बसतो. कॅज्युअल्टीतले डॉक्टर मात्र श्वास मोजतात, कारण नुसत्या तापावरून न्यूमोनियाचा जोर कळत नाही.

2003 साली ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलँड्समधल्या रुग्णांवरून ‘कर्ब-65’ ही मोजणी तयार झाली. रुग्ण गोंधळलेला, रक्तात युरिया वाढलेला, श्वास मिनिटाला 30 किंवा जास्त, बीपी उतरलेले, वय 65 किंवा पुढे; प्रत्येकाला एक गुण. तीन झाले की आजार गंभीर.

पण या मोजणीत ऑक्सिजन धरलेलाच नाही, आणि विषाणूच्या न्यूमोनियात फसगत होते ती इथेच. तिशीतला कमावता माणूस, शुद्धीवर, बीपी ठीक, गुण शून्य. आणि बोटाचे यंत्र 88 दाखवते! कोरोनात असे रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत आले. म्हणून आम्ही सांगतो, घरी पाठवत असतील तर ‘ऑक्सिजन किती आला?’ हे विचाराच. त्यात उद्धटपणा नाही. नेलपॉलिश पुसून यंत्र लावा. सावळ्या कातडीवर ते आकडा थोडा जास्तही दाखवते.

घरी रुग्णाला न सांगता पूर्ण एक मिनिट त्याची छाती वर-खाली होताना मोजा. श्वास 30 झाले, ऑक्सिजन 94 च्या खाली गेला, ओठ निळसर पडले किंवा आजी असंबद्ध बोलू लागली, तर सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका, 108 ला फोन लावा. लहान मुलांचा हिशोब वेगळा: दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 श्वास झाले तरी लगेच दवाखाना गाठा.