जुनी फोर-व्हील ड्राइव्ह मालमोटार डिझेल अधिक का खाते?

शेतमालाची ने-आण करणारी मोटार आज नांगर व पंप यांच्याप्रमाणेच शेतीचे एक अवजार होऊन बसली आहे. गोराई, मनोरी, उत्तन, वसई या भागांतील भाजीपाला, केळी व फुले बोरिवलीच्या अथवा दादरच्या बाजारात पहाटे पोहोचली तरच त्यांस भाव मिळतो. बोरिवली गोराईच्या खाडीपलीकडे समोर दिसते खरी. परंतु माणूस नावेतून पार होतो आणि मालाने भरलेल्या गाडीस मात्र उत्तन-भाईंदरवरून वळसा घालावा लागतो. अशा स्थितीत गाडी लिटरमागे दोन किलोमीटर कमी चालू लागली, तर तो तोटा रोजच्या रोज मालाच्या किमतीतून वजा होतो.

पावसाळ्यात चिखलाच्या बांधावरून माल बाहेर काढावयाचा असल्यामुळे पुष्कळ बागायतदारांनी चारही चाकांस ओढ असलेल्या जुन्या गाड्या जपून ठेवल्या आहेत. त्यांपैकी बहुतेक जीपच्या वंशातील आहेत. १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र हे नाव धारण केलेल्या कंपनीने विलीज जीप परवान्याखाली आपल्या देशात आणली. त्याच कंपनीचा कांदिवली येथील कारखाना उपनगरवासीयांच्या परिचयाचा आहे.

अशी गाडी डिझेल अधिक खाऊ लागली की, ‘इंजिन गेले, उतरवावे लागेल’ हा निकाल प्रथम कानी पडतो. आमचे सांगणे असे की, हा निकाल सर्वांत शेवटी ऐकावा. डिझेल इंजिनात जळते हे खरे. परंतु ते वाया जाण्याची कारणे पुष्कळदा चाकांत, ब्रेकांत व ओढीच्या यंत्रणेत असतात, आणि ती मालकास स्वतः तपासता येतात. तो तपास कोणत्या क्रमाने करावा, हे येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम मोजमाप

‘पूर्वी दहा देत होती, आता आठ देते’ हे विधान मोजमापाशिवाय निरुपयोगी होय. टाकी तोंडापर्यंत भरावी, फेस बसू द्यावा व पुन्हा भरावी. नंतर निदान दीडशे-दोनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून, टाकी पुन्हा तितकीच भरावी. किलोमीटरांस लिटरांनी भागावे. असे तीन वेळा करावे आणि प्रत्येक वेळी भाराचा अंदाज, रस्ता व खोळंबा यांची वहीत नोंद ठेवावी. खोळंब्याची नोंद महत्त्वाची आहे. सव्वादोन-अडीच लिटर क्षमतेचे इंजिन नुसते उभे राहून चालू असता ताशी सुमारे अर्धा ते पाऊण लिटर डिझेल जाळते. दहिसर अथवा मुलुंडच्या रांगेत एक तास गेला, तर पाच-सहा किलोमीटरांचे डिझेल जागच्या जागी संपले असे समजावे. तो दोष गाडीचा नव्हे.

दुसरी गोष्ट मीटरची. किलोमीटर दाखविणारा मीटर चाकांच्या फेऱ्या मोजतो, प्रत्यक्ष अंतर नव्हे. चिखलासाठी मोठे टायर बसविले की एका फेरीत गाडी अधिक अंतर कापते आणि मीटर कमी दाखवितो. टायरावर खडूची खूण करून भरलेली गाडी सपाटीवर दहा फेऱ्या ढकलावी व अंतर फितीने मोजावे. समजा, मूळ टायराची एक फेरी २.२० मीटरची होती आणि नव्याची २.३८ मीटरची भरली, तर मीटरने १०० दाखविले असता गाडी सुमारे १०८ किलोमीटर चालली. मीटरवर २०० किलोमीटर व डिझेल २४ लिटर, असा हिशेब ८.३ येतो, खरे अंतर २१६ किलोमीटर धरता तोच ९ येतो. हमरस्त्यावरील किलोमीटरच्या दगडांशी वीस किलोमीटर ताडून पाहिले तरी हा फरक कळतो. न झालेल्या रोगावर औषध देण्याची चूक एवढ्यानेच टळते.

तिसरे, तुलना योग्य गाडीशी करावी. जुन्या एमएम ५४० जीपमधील एक्सडीपी ४.९० हे २,११२ घन सेंटिमीटरचे इंजिन डिझेल प्रथम एका लहान कोठीत जाळते. त्या कोठीच्या भिंती पुष्कळ उष्णता शोषून घेतात. सिलिंडरातच डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजिनाइतका त्याचा पल्ला सुस्थितीतही पडत नाही. तेव्हा शेजाऱ्याची नवी गाडी हे माप नव्हे. आपल्याच गाडीची जुनी नोंद हे खरे माप होय.

गाडी मोकळी धावते काय?

मोजमापाने तोटा खरा ठरला, तर आधी चाकांकडे वळावे. टायरांतील हवा थंड स्थितीत मोजून भारानुसार भरावी. नंतर निर्जन व सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने गाडी न्यूट्रल करून ती किती दूर जाते ते दोन्ही दिशांनी पाहावे. इंजिन बंद करू नये; कारण ब्रेकांस मिळणारे साहाय्य त्याच्यावरच अवलंबून असते. गाडी लवकर मंदावत असेल, तर काहीतरी तिला धरून ठेवीत आहे.

ते कोठे धरले आहे, हे उष्णता सांगते. शक्य तितका ब्रेक न लावता दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबावे आणि हाताचा मागील भाग प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ न्यावा. ड्रमला प्रत्यक्ष स्पर्श करू नये, भाजेल. एकच चाक अधिक तापले असेल, तर त्याचा ब्रेक सुटत नाही किंवा बेअरिंग घट्ट आहे. चारही तापली असतील, तर पेडलला मोकळी चाल उरली नसावी. त्यामुळे मुख्य सिलिंडरातील दाब परत जात नाही. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हँडब्रेकची तार गंजून अडकते, चाकाचा सिलिंडर आखडतो, व जुना रबरी नळ आतून सुजून तेल परत येऊ देत नाही. सीजे-३बी सारख्या जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेकचा ड्रम चाकावर नसून ट्रान्सफर केसच्या मागे असतो. तो घासत असेल तर चारही चाके थंड राहतात आणि मालक भलतीकडे शोध करीत बसतो. म्हणून तेथेही हात नेऊन पाहावा.

हा दोष केवळ पैशाचा नाही. घासणारा ब्रेक तापत जाऊन त्यातील तेल उकळते, वाफ धरते आणि ऐन उतारावर पेडल पोकळ लागते. भरलेली गाडी कसाऱ्याच्या घाटात असता हा प्रसंग आला, तर त्याचा अर्थ वाचकांस सांगावयास नको.

चारचाकी ओढीचे दोष

या जातीच्या गाडीत मागील चाकांस ओढ नेहमी असते. पुढील चाकांस ती दांडा टाकल्यावरच मिळते. दांडा टाकला की पुढील व मागील शाफ्ट एकमेकांस कायम जखडले जातात. त्या दोहोंमध्ये फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट चालतात. चिखलात हा फरक घसरून निघून जातो. डांबरावर त्यास वाट मिळत नाही. मग शाफ्टांत पीळ चढतो, टायर घासतात आणि डिझेल जाते. पुढील व मागील टायरांच्या घेरात शेकडा दोनचा फरक असेल, तर सरळ रस्त्यावरही एका किलोमीटरमागे वीस मीटर कोणत्या तरी चाकास घसरावेच लागते. म्हणून मघाची खडूची चाचणी चारही चाकांवर करावी, आणि नवे टायर केवळ मागे व झिजलेले पुढे अशी विभागणी या गाडीत करू नये.

दांडा काढला तरी ओढ सुटली नसेल, तर तो ओढण्यास जड जातो, सुकाणू जड लागते, आणि गाडी थोडी मागे घेतल्यावर ताण मोकळा होतो. अशा वेळी दांड्याची जोडणी तपासून घ्यावी. पुढील चाकांस हाताने फिरवावयाचे हब असतील, तर पावसाळा संपताच ते मोकळ्या खुणेवर आणावेत. नाहीतर पुढील आस व शाफ्ट वर्षभर निष्कारण फिरत राहतात. हा तोटा थोडा असतो, परंतु तो फुकटात वाचतो.

पाण्यातून गाडी गेली असेल, तर गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस व दोन्ही डिफरन्शियल यांचे तेल पाहावे. ते दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, ताबडतोब बदलावे. तेल कमी असू नये, तसेच भरीस अधिकही घालू नये. जादा तेल घुसळण्यात शक्ती जाते. तेलाची जात कारखान्याच्या पुस्तकात दिली असेल तीच घ्यावी.

वेगाचाही विचार अवश्य आहे. सीजे-३बी जीपच्या आसेचे प्रमाण ५.३८ : १ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीस शाफ्ट पाच वेळांहून अधिक फिरतो. असे प्रमाण ओढीसाठी असते, धावण्यासाठी नव्हे. शिवाय वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंच ताडपत्री बांधलेली चौकोनी गाडी ताशी साठऐवजी ऐंशीने नेली, तर तो विरोध पावणेदोन पटींहून अधिक होतो.

आता इंजिन

येथवर दोष सापडला नाही, तरच इंजिनाकडे वळावे, आणि तेथेही स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात. एअर फिल्टर गच्च झाला असेल तर हवा कमी पडून काळा धूर येतो. तेलाच्या भांड्याचा फिल्टर असल्यास त्यातील गाळ काढून ठरलेल्या खुणेपर्यंत नवे तेल घालावे. टाकीपासून नोझलपर्यंत व परतीच्या नळीवर ओल दिसते काय, ते कोरड्या फडक्याने पुसून पाहावे.

इंजिन तेलाची पट्टी दर आठवड्यास पाहावी. तेल न घालता पातळी वाढली, ते पातळ झाले व त्यास डिझेलचा वास आला, तर डिझेल चढविणाऱ्या लहान पंपाचा पडदा फाटून ते इंजिनात उतरत असण्याचा संभव आहे. अशी गाडी पुढे चालवू नये; बेअरिंगे जातील.

आपल्याकडे एक घातक प्रथा पडली आहे. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून कित्येक गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून टाकतात. मग इंजिन योग्य उष्णतेस पोहोचतच नाही, डिझेल नीट जळत नाही आणि झीजही वाढते. वीस-पंचवीस मिनिटे चालवूनही तापमानाचा काटा तळाशीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट आहे काय हे विचारावे. तापण्याचे खरे कारण बहुधा गच्च रेडिएटर अथवा ढिला पट्टा हे असते.

चढावर इंजिनाचा आवाज वाढतो व गाडीचा वेग वाढत नाही, तर क्लच घसरत आहे. धूर काळा असेल तर हवा थोडी अथवा डिझेल जास्त. ओढ वाढावी म्हणून पंपाचा स्क्रू कोणी फिरविला असेल तरी असेच होते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर फवाऱ्याची वेळ चुकली आहे किंवा नोझल टपकत आहे. निळा धूर इंजिन तेल जळत असल्याची खूण होय. नोझल उतरवून यंत्रावर तपासून घ्यावेत. परंतु त्यांच्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये, कारण तो कातडी भेदून आत शिरतो. एवढे झाल्यावर टॅपेटांचे अंतर व सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन पाहावे. एखादे इतरांहून फार कमी भरले, तर मात्र इंजिन उतरविण्याचा सल्ला खरा मानण्यास हरकत नाही.

एका वेळी एकच दुरुस्ती करून पुन्हा टाकीचे माप घ्यावे. चार कामे एकदम केली, तर पैसा कशाने वसूल झाला हे कधीच कळत नाही.

हिशेब

समजा, गाडी वर्षास १२,००० किलोमीटर चालते. लिटरला आठ पडत असता १,५०० लिटर डिझेल लागते. दहा पडू लागले तर १,२०० लिटर. तीनशे लिटर वाचले. भाव ९० रुपये धरल्यास ते २७,००० रुपये झाले. हीच गाडी दहावरून बारावर गेली, तर लागणारे डिझेल १,००० लिटर, म्हणजे बचत दोनशेच लिटरांची. वाढ दोन्हीकडे दोन किलोमीटरांचीच. तथापि ज्या गाडीची स्थिती वाईट, तिच्या दुरुस्तीचा लाभ अधिक. म्हणून ‘जुनी झाली, आता इतके चालायचेच’ असे म्हणून स्वस्थ बसणे हे हिशेबाच्या दृष्टीने सर्वांत महाग पडते.

त्याचप्रमाणे इंजिन उतरविण्याचा खर्च अंगावर घेण्यापूर्वी, अथवा गाडी मिळेल त्या किमतीस विकून टाकण्यापूर्वी, एक वही, एक फीत, खडूचा तुकडा आणि एक मोकळी सकाळ एवढे भांडवल प्रत्येकाने खर्चावे. नांगराचा फाळ बोथट झाला म्हणून आपण बैल विकीत नाही. मोटारीच्या बाबतीतही तोच विचार शेतकरी बंधूंनी ठेवावा, अशी आमची विनंती आहे.