तुरटी फिरवू की ब्लीच घालू?

प्रश्न : मागच्या अंगणात मुलांसाठी हवा भरायचा छोटा पूल मांडलाय. दोन दिवसांत पाणी बुळबुळीत होतं. इकडे आलेल्या सासूबाई म्हणतात तुरटी फिरव, शेजारीण म्हणते झाकणभर ब्लीच घाल. गावाकडे विहिरीत टीसीएल टाकतातच ना? काय करू?
– एक आई, बर्नाबी (कॅनडा)

उत्तर : दोन्ही नको. पाणी रोज ओतून द्या.

तुरटीनं गाळ तळाशी बसतो, पण जंतू मरतीलच असं नाही. उलट गढूळ पाण्याचा निदान संशय तरी येतो. नितळ दिसलं की मुलं ते खुशाल गिळतात.

टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, मुद्दा रास्त आहे. पण विहिरीत पावडर टाकली की थोडा वेळ उपसा बंद ठेवतात, तेवढ्यात क्लोरीन आपलं काम उरकतं. तुमच्या पुलात ऊन, घाम, सनस्क्रीन आणि (रागावू नका) शू, हे सगळे मिळून क्लोरीन खात असतात. सार्वजनिक तलावात पंप असतो, गाळणी असते, पाणी तपासायला माणूस असतो. इथे दीड मीटर रुंद, 20 सेंटिमीटर खोल, म्हणजे साधारण साडेतीनशे लिटर पाणी. त्याला ब्लीच लागेल जेमतेम तीन चहाचे चमचे. झाकणाच्या मापानं ते कधी कमी पडणार, कधी मुलांचे डोळे चुरचुरणार.

शिवाय क्लोरीन नेमकं पडलं तरी सगळे जंतू त्याला दाद देत नाहीत. ई. कोलाय मिनिटभरात मरतो, पण जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम आठवड्याहून जास्त तग धरतो. म्हणून पोट बिघडलेल्या मुलाला पाण्यात उतरवूच नका, कितीही रडलं तरी.

रात्री पाणी ठेवू नका, याला तुमच्याकडे एक खास कारण आहे : रॅकून. उथळ पाणी दिसलं की ही स्वारी हजर, आणि घाण करून जाते. तिच्या विष्ठेतल्या जंतांची अंडी क्लोरीनलाही पुरून उरतात.

तुमच्या नळाला कॅपिलानो, सीमोर आणि कोक्विटलम या राखीव पाणलोट क्षेत्रांतलं, आधीच क्लोरीन घातलेलं पाणी येतं. ताजं भरलेलं तेच उत्तम. गार लागतं, म्हणून सकाळी भरून उन्हात ठेवा, दुपारी मुलं खेळू देत. संध्याकाळी रिकामं करून साबणानं घासा आणि पुन्हा भरण्याआधी किमान चार तास उन्हात खडखडीत वाळवा.

एवढं पाणी वाया? छे, गवताला आणि फुलझाडांना घाला. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात मात्र नको. रस्त्याकडेच्या जाळीतही नको. ते पाणी शुद्ध न होताच ओढ्याला मिळतं. बर्नाबी लेकला मिळणाऱ्या स्टिल क्रीकमध्ये कित्येक दशकांनी, 2012 मध्ये, चम सामन मासे अंडी घालायला परतले. माशांना क्लोरीन अगदी थोडंही सोसत नाही.

आणि स्वच्छतेइतकंच महत्त्वाचं : दोन-तीन सेंटिमीटर पाण्यातही तान्हं मूल बुडतं. तेव्हा फोन घरात ठेवून हाताच्या अंतरावर बसा, आणि खेळ संपला की पूल पालथा घाला.