गाडीतील याचक व आमची दृष्टी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ३:१-१०

हा शास्त्रभाग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. जन्मापासून पांगळ्या असलेल्या एका मनुष्यास लोक रोज मंदिराच्या सुंदर नावाच्या दरवाज्यापाशी आणून ठेवीत. त्याचे वय चाळीस वर्षांहून अधिक होते, असे पुढील अध्यायावरून (४:२२) कळते. भाविक जन त्यास भिक्षा घालून आत जात. तो मात्र दारातच राही.

पेत्र व योहान यांनी काय केले, ते क्रमाने पाहू. प्रथम त्यांनी त्याजकडे निरखून पाहिले. मग आपणांजवळ द्रव्य नाही, हे पेत्राने त्यास सरळ सांगितले. तोंड चुकविले नाही. नंतर येशू ख्रिस्ताच्या नामाने त्याचा उजवा हात धरून त्यास उठविले. शेवटी तो मनुष्य त्यांच्याबरोबर मंदिरात गेला. भिक्षेने त्याचा दिवस निभावत होता. हात धरल्याने तो आत आला.

हा धडा आम्हांस कोठे बोचला, ते सांगणे प्राप्त आहे. दौंडहून पुण्यास जाणाऱ्या गाडीत आम्ही ह्याच अध्यायावरील उपदेशाची टिपणे वाचीत बसलो होतो. एक आंधळा वृद्ध गात गात जवळ आला. आम्ही मान वर न करता त्याच्या हातावर नाणे ठेवले व वाचन पुढे चालविले. समोर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईने पैसा दिला नाही. ती थोडी सरकली आणि म्हणाली, "बाबा, बसा घटकाभर. गाव कोणतं तुमचं?" तो बसला, आणि केडगाव येईपर्यंत आपल्या गावाविषयी बोलत राहिला. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी ज्या उपाशी मुलींस सोडवून आणले, त्यांचे घर झालेले हेच ते केडगाव. आम्ही टिपणे मिटून ठेवली.

कोणी म्हणतील, भिक्षेने आळस वाढतो, आणि कायद्याचीही मनाई आहे. मनाई आहे खरी. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे १४४ वे कलम गाडीत व स्थानकात भीक मागू देत नाही. तथापि मनाई भीक मागण्यास आहे, मागणाऱ्याशी माणसासारखे बोलण्यास नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानेही याचकांस रस्त्यांवरून हटविण्याचा आदेश देण्याचे नाकारले, आणि याचनेचे मूळ दारिद्र्यात आहे, असे मत दर्शविले.

पैसा द्यावा की न द्यावा, ह्याविषयी आम्ही सर्वांस एकच नियम घालीत नाही. भुकेल्यास आपल्या शिदोरीतील भाकरी द्यावी. लहान मुलाच्या हाती पडलेले नाणे पुष्कळदा त्यास त्याच धंद्यास जखडून ठेवते. म्हणून एकटे, निराधार मूल दिसल्यास १०९८ ह्या बालसाहाय्याच्या क्रमांकावर कळवावे. काहीच देता येत नसेल, तर पेत्राप्रमाणे नम्रपणे तसे सांगावे. परंतु खिडकीबाहेर पाहत बसू नये.

मनन व चर्चेसाठी प्रश्न :

१. पेत्राने बोलण्यापूर्वी निरखून का पाहिले असावे?

२. आम्ही नाणे कशासाठी देतो : याचकाच्या गरजेसाठी, की तो लवकर पुढे जावा म्हणून?

३. आपल्या मंडळीच्या दारात अद्याप कोण बसून आहे? त्याचा हात धरून त्यास आत कोण आणील?

प्रभू आमची दृष्टी उघडो, आणि मग आमचा हातही उघडो.