हरभरा आणि फुटाणा : सजीवांची लक्षणे शिकविण्याविषयी

‘सजीव हालतात, अन्न घेतात, श्वसन करतात, वाढतात व आपल्यासारखे दुसरे सजीव निर्माण करतात’ हे वाक्य मुले चटकन पाठ म्हणतात. परंतु कणगीतील हरभरा सजीव की निर्जीव, असे विचारले म्हणजे त्याच मुलांपैकी पुष्कळजण ‘निर्जीव’ असे उत्तर देतात. आणि पाठ केलेल्या यादीवरून पाहता त्यांस दोष देता येत नाही. हरभरा हालत नाही, खात नाही, वर्षभर ठेवला तरी तसूभर वाढत नाही. उलट समईची ज्योत हालते, तेल संपविते, हवेवाचून विझते, आणि एका ज्योतीने दुसरी लागते. खेचर धडधडीत जिवंत, पण त्यास सहसा संतती होत नाही. तेव्हा लक्षणे सुटी सुटी मोजून निर्णय होत नाही, हे प्रथम मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

याकरिता दहा हरभरे व सालीसकट दहा फुटाणे रात्रभर वेगवेगळे भिजत घालावेत. सकाळी दोन्ही फुगलेले दिसतील. मुले ‘दोन्ही वाढले’ म्हणतील. त्यांस तसे म्हणू द्यावे. मग दोन्ही ओल्या फडक्यांत बांधून ठेवावेत. दोन-तीन दिवसांत हरभऱ्यास मोड येतो, फुटाणा मात्र बुळबुळीत होऊन आंबू लागतो. पावसाळ्यात दाराची फळी फुगते तसाच फुटाणा फुगला होता. त्यास वाढ म्हणत नाहीत. भट्टीच्या उष्णतेने त्याच्या पेशींतील प्रथिनांची घडण मोडली, म्हणून पाणी मिळूनही त्याचा उपयोग झाला नाही.

श्वसनाचा पडताळा याहून सोपा आहे. एका बरणीत मोड आलेले हरभरे व दुसरीत उकडून गार केलेले हरभरे घ्यावेत. दोहोंत चुन्याच्या निवळीची उघडी लहान बाटली ठेवून झाकणे घट्ट लावावीत. दुसऱ्या दिवशी पहिल्या बरणीतील निवळी दुधाळ होते. उकडलेले हरभरे मात्र एका रात्रीपेक्षा अधिक ठेवू नयेत. त्यांवर सूक्ष्मजीव वाढले की तेही श्वसन करतात आणि प्रयोग फसतो.

जळत्या ज्योतीवरील हवेनेही निवळी दुधाळ होते, हे एखादा चौकस विद्यार्थी काढील. अशा वेळी पेशीकडे वळावे. वनस्पती व प्राणी या दोहोंचे शरीर पेशींचे बनलेले असते, हे श्लायडेन व श्वान यांनी १८३८-३९ मध्ये मांडले. ज्योतीस पेशी नाहीत. सुक्या हरभऱ्यात त्या शाबूत असतात. पाणी फार थोडे असल्यामुळे त्यांचे व्यवहार अत्यंत मंद चालतात, इतकेच. इस्रायलमधील मसादा येथील उत्खननात सापडलेली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये पेरली असता रुजली. अर्थात हा अपवाद होय. ओल, उष्णता व कीड यांनी घरातील बियाणे पुष्कळ लवकर मरते, आणि मेलेले बी वरून जिवंत बियासारखेच दिसते.

म्हणून हा पाठ शक्यतो रब्बीच्या पेरणीपूर्वी घ्यावा. मुलांनी घरच्या बियाण्यातील शंभर दाणे न निवडता मोजून आणावेत, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळावेत, गोणपाट सुकू देऊ नये, आणि आठव्या दिवशी चांगला कोंब आलेले दाणे मोजावेत. प्रमाणित हरभऱ्याची उगवण किमान ८५ टक्के असावी लागते. आकडा थोडा कमी आल्यास एकरी बियाणे वाढवावे लागते, फारच कमी आल्यास बदलावे लागते. आणि हे पेरणीनंतर कळले तर हंगाम हातचा जातो. आकडा वहीत लिहून मुलांनी त्याच दिवशी घरी सांगावा. बाजारच्या पिशवीतील औषध लावलेले रंगीत बियाणे मात्र मुलांच्या हाती देऊ नये.