सकाळचे पाच तास

जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडला मे महिन्यात अकरानंतर बाजारपेठेत सावली शोधत चालावं लागतं. शेजारच्या भुसावळात पारा ४५ अंशांवर जातो, इथे फार वेगळं नसतं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. आलं की घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराचं पहिलं काम ड्रम भरणं. दुपारी वीज गेली तर मोबाइलही गप्प. त्यामुळे सुट्टीत हाती खरं काय लागतं, तर सकाळी सहा ते अकरा. एवढ्याच वेळात काय बसेल, ते बघून बेत आखावा.

याच गावचा एक मुलगा जळगावला बी.कॉम.ला होता. (नाव कशाला हवं? हे लिहिणारा तोच आहे.) दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन तो पॅसेंजरने घरी उतरला, तेव्हा वहीत लांबलचक यादी होती: टॅली, इंग्रजी संभाषण, स्पर्धा परीक्षा, व्यायाम, शिवाय थोडी कमाई. लग्नसराई, पाणी आणि झोप यांत यादी कधी विरघळली ते त्यालाही कळलं नाही. मग घाई सुटली. मोबाइलवर जाहिरात दिसली, घरबसल्या इंटर्नशिप, प्रमाणपत्राची हमी. वडिलांकडून पैसे घेऊन त्याने भरले. चार-दोन व्हिडिओ बघितले आणि सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र दारात नाही, तर ई-मेलमध्ये आलं. कॉलेज उघडल्यावर सरांनी ते उलटसुलट बघून दोनच प्रश्न विचारले: काम कुठे केलंस, आणि तास कोणी मोजले? पोराकडे उत्तर नव्हतं.

आता तर हिशेब जास्त काटेकोर झाला आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, आणि त्यात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, क्षेत्रीय प्रकल्पाला वेगळे श्रेयांक आहेत. प्रशिक्षणाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर चार श्रेयांकांचे १२० तास होतात. सकाळचे पाच तास रोज दिले तर २४ दिवस. म्हणजे उन्हाळ्यात बसण्यासारखं आहे. अट एवढीच, की तास लिहिणारा आणि त्यावर सही करणारा माणूस हवा. आधी पैसे मागणाऱ्याकडे सहसा असा माणूस नसतो.

काम शोधायला पुण्यालाच जावं लागतं असं नाही. वाणिज्य शाखेवाल्यांसाठी कर सल्लागाराचं कार्यालय उत्तम. प्राप्तिकर विवरणपत्रांची मुदत साधारणपणे ३१ जुलै, त्यामुळे जूनपासून तिथे हात कमीच पडतात. भूगोल किंवा विज्ञानवाल्यांसाठी विहिरी आहेत. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा नोंदवते, त्यातली एक नोंद मे महिन्यातली. आपल्या शिवारातल्या आठ-दहा विहिरी दर आठवड्याला मोजा. टेपला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि तारखेसह लिहायचं. सोबत कुणीतरी मोठं माणूस हवंच, एकट्याने विहिरीवर वाकू नये. पाण्यासाठी हैराण असलेल्या तालुक्यात अशी वही शेतकऱ्यांनाही लागते, त्यामुळे प्रकल्प केवळ गुणांपुरता राहत नाही.

मराठी किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याने तर लांब बघूच नये. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतकाम करताना त्या जे रचत, ते मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी कागदावर उतरवून ठेवलं. त्या १९५१ मध्ये गेल्या. नंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखलं जातं. लिहून घेणारं घरात कुणी नसतं तर? आपल्या आजीला दळणाच्या ओव्या, लेवा बोलीतले शब्द, बियाण्यांची जुनी नावं येत असतील, तर मोबाइलचं रेकॉर्डिंग आणि एक वही पुरते. तिला आधी विचारा, आणि तिचं बोलणं पुस्तकी मराठीत सुधारू नका.

पंगतीत वाढपी म्हणून काम करून किंवा वडिलांच्या शेतात राबून चार पैसे मिळवले, तर तेही वाया गेलेली सुट्टी नव्हे. फक्त शेतात असाल तर मशागत, बियाणं, मजुरी यांचा खर्च लिहीत चला. कपाशीचा एकरी खर्च नेमका किती, हे घरात बहुतेकांना अंदाजानेच ठाऊक असतं.

भुसावळची रेल्वे, वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र अशा ठिकाणी मात्र आयत्या वेळी जाऊन उपयोग नाही. सुरक्षेच्या परवानग्या लागतात, कॉलेजचं शिफारसपत्र लागतं. ते पत्र परीक्षेच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्येच मागून घ्या. मे महिन्यात विभागप्रमुखही गावाला गेलेले असतात.