नळामागची विचारसरणी

पाईपलाईन डावी नसते आणि उजवीही नसते. हेड लॉसचं सूत्र सगळ्या पक्षांना सारखंच लागू पडतं. मग शहराचं पाणी कोणी चालवायचं, यावर महापालिकेत एवढी भांडणं का?

मित्रांनो, विचारसरणी म्हणजे नुसता झेंडा नव्हे. पाणी हा हक्क की विकायची सेवा? सरकारी खात्यावर भरवसा ठेवायचा की कंपनीवर? आकडे बघण्याआधीच मनात बसलेली उत्तरं म्हणजे विचारसरणी.

पॅरिसचंच बघा. जाक शिराक महापौर असताना १९८५ मध्ये तिथलं पाणीवाटप दोन खासगी कंपन्यांकडे गेलं. सीन नदीचा उजवा काठ एकीकडे, डावा दुसरीकडे. २००१ मध्ये समाजवादी बेर्त्रां देलानोए महापौर झाले. करार संपले तेव्हा त्यांनी ते वाढवले नाहीत. २०१० पासून सगळं काम सार्वजनिक संस्थेकडे आलं आणि २०११ मध्ये दर ८ टक्क्यांनी उतरला. नदी तीच, नळ तेच.

गंमत म्हणजे उजव्या काठाची ती कंपनी, म्हणजे आजची व्हिओलिया, नागपूरच्या 'ऑरेंज सिटी वॉटर'मध्ये भागीदार झाली. २०१२ मध्ये नागपूरचं पाणी २५ वर्षांच्या करारावर या कंपनीकडे गेलं. मालकी आणि दर मात्र महापालिकेच्याच हातात राहिले. पॅरिसला दर उतरला म्हणून नागपूर चुकलं, असं सिद्ध होत नाही. दोन्हीकडची गळती, वसुली, वस्ती सगळंच वेगळं.

आता आपल्या विषयाकडे येऊ. 'नॉन-रेव्हेन्यू वॉटर' म्हणजे ज्याचे पैसे येत नाहीत ते पाणी. यात फुटलेल्या पाईपची गळती येते, चोरी येते आणि झोपडपट्टीतल्या फुकट सार्वजनिक नळाचं पाणीही येतं. एक इंजिनिअर त्या नळाला तोटा म्हणेल, दुसरा सेवा म्हणेल. तक्त्यात आकडा एकच. पण 'तोटा कमी करा' असा आदेश निघाला की पहिला तो नळच बंद करेल आणि दुसरा गळती शोधायला निघेल. हंडा कोणाचा रिकामा राहणार, ते इथे ठरतं.

उद्या आपल्यापैकी काहीजण पाणीपुरवठा विभागात असतील. एस्टिमेटवर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा: या आकड्यात कोणाला धरलंय? कोणाला वगळलंय? आणि निर्णय चुकला तर भुर्दंड कोणाला? 'हा निव्वळ टेक्निकल निर्णय आहे' असं कोणी म्हटलं, तर हे प्रश्न दोनदा विचारा.